कॉलेजचा सर्व्हे मोबाईलवर येतो, पण गावातल्या पोरापोरींचं म्हणणं त्यात जातं का?

रोहणा (ता. आर्वी) : बारावीचा निकाल लागला की रोहणा, विरूळ, सोरटा, धनोडी या पट्ट्यातली पोरं-पोरी पदवीसाठी आर्वीला नाहीतर पुलगावला नाव घालतात. ज्यांची सोय होते ते वर्धा, अमरावती, नागपूर गाठतात. बाकीचे रोज जाऊन-येऊन करतात. एकेकाळी पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी रोहण्यावरून जायची. ती गेली, आता सगळी भिस्त एसटीवर.

कॉलेजात गेल्यावर कधी तरी या पोरांच्या मोबाईलवर एक लिंक येते. ‘स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हे’ असं काहीसं नाव असतं. म्हणजे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. बरेच जण ती उघडतच नाहीत. जे उघडतात त्यातले निम्मे सगळीकडे पहिलाच पर्याय दाबून मोकळे होतात. ‘सरांनी सांगितलं भरा, भरून टाकला’ एवढाच त्याचा अर्थ उरतो.

पण त्या फॉर्मवरून कॉलेजला गुण मिळतात, त्या गुणांवरून श्रेणी ठरते आणि पोरांना काय हवं, काय नको याचा कागदोपत्री पुरावाही तोच ठरतो. त्यात गावाकडच्या पोरांचं म्हणणं नसलं तर कागदावर सारं आलबेल दिसतं. म्हणून हा सर्व्हे कोण करतं, कसा करतं आणि त्यात कोण सुटून जातं, हे घरच्यांनीही एकदा समजून घेतलेलं बरं.

सर्व्हे नेमका कोणाचा?

कॉलेजात होणारे सर्व्हे दोन-तीन प्रकारचे असतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला आहे केंद्र सरकारचा, ‘एआयएसएचई’. उच्च शिक्षणाची देशभरची मोजणी म्हणा ना. २०१०-११ पासून सुरू आहे. यात पोरांना कोणी काही विचारत नाही, कॉलेजच आकडे भरतं : किती मुलं, किती मुली, किती शिक्षक. २०२१-२२ च्या मोजणीत देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, त्यात मुली २ कोटी ७ लाख. ही शिरगणती झाली. पोरगं कॉलेजात सुखी आहे की कंटाळलंय, हे त्यातून कळत नाही.

दुसरा आहे ‘नॅक’चा. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद. १९९४ साली स्थापन झाली, मुख्यालय बंगळुरूला. कॉलेजच्या पाटीवर ‘नॅक मानांकित अ श्रेणी’ वगैरे लिहिलेलं असतं ते हिचं. २०१७ मध्ये नॅकने पद्धत बदलली आणि विद्यार्थ्यांना थेट विचारायला सुरुवात केली. कॉलेजने आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी ईमेलसकट नॅककडे द्यायची, नॅक त्या पत्त्यांवर परस्पर प्रश्न पाठवणार. मधे कॉलेजचा हात नाही. एकूण २१ प्रश्न. २० प्रश्नांना पर्याय दिलेले आणि शेवटचा मोकळा, आपल्या शब्दांत लिहायचा.

तिसरा कॉलेजचा स्वतःचा ‘फीडबॅक’. नॅकच्याच नियमात आहे की विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे अशा सगळ्यांची मतं घ्या, त्यांचं विश्लेषण करा, त्यावर काय केलं ते लिहा आणि वेबसाइटवर टाका. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि हे सोपस्कार त्यांनाही आहेत. नॅकची श्रेणी पद्धत बदलण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. पण विचारण्याचा मूळ प्रश्न तोच राहतो.

शितावरून भाताची परीक्षा, पण आधी भात हलवावा लागतो

सगळ्यांना विचारल्याशिवाय सगळ्यांचं कसं कळेल, असं लोक म्हणतात. कळतं. आपल्या आया-बहिणी रोज तेच करतात. गंजातलं एक शीत दाबून भात झाला की नाही ते सांगतात. भाजीचा थेंबभर रस हातावर घेऊन मीठ सांगतात. पण मीठ टाकून भाजी हलवलीच नाही आणि वरचा रस चाखला, तर अंदाज चुकतो. गंज मोठा की छोटा याने फरक पडत नाही, हलवलं की नाही याने पडतो.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ साली तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने जवळपास १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांवर परत आल्या. एवढ्या मोठ्या आकड्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. झालं काय होतं? साप्ताहिकाने नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या यादीतून. त्या काळात ज्याच्या घरी फोन आणि गाडी, तो खातापिता माणूस. गरिबाला विचारलंच नव्हतं. शिवाय ज्यांना पत्रिका गेल्या त्यातल्याही ज्यांना तावातावाने बोलायचं होतं त्यांनीच परत पाठवल्या. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना, पण सगळ्या थरांतल्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

आता हे आपल्या कॉलेजला लावून पाहा. नॅकचा नियम असा आहे की कॉलेजातल्या १० टक्के किंवा १०० विद्यार्थ्यांनी, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी, उत्तर दिलं तरी चालतं. समजा कॉलेजात ८०० पोरं आहेत. ८० जणांनी फॉर्म भरला की काम झालं. समजा त्या ८०० पैकी निम्मी एसटीने खेड्यातून येतात. आता हे ८० जण कोण? ज्यांचा ईमेल चालू आहे, ज्यांच्या मोबाईलमध्ये रेंज आहे, जे दुपारी चारनंतर कॉलेजात थांबू शकतात, ज्यांना सरांनी व्हरांड्यात गाठून ‘भर रे’ म्हटलं, तेच भरणार. खेड्यातलं पोरगं तेव्हा स्टँडवर बसची वाट पाहत उभं असतं. नियम मोडला का? नाही. पण भाजी हलवली गेली नाही.

ईमेलची गोष्ट तर आणखीनच गंमतीची. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म आपण भरतो कुठे? नेट कॅफेत, नाहीतर सेतू केंद्रावर. पोराचा ईमेल नसला की दुकानदार तिथल्या तिथे एक बनवून टाकतो, नाहीतर स्वतःचाच घालतो. पासवर्ड कोणाला ठाऊक? मोबाईल नंबर बापाचा. पुढे विद्यापीठाची सूचना असो, शिष्यवृत्तीची तारीख असो की हा सर्व्हे, सगळं त्या हरवलेल्या पत्त्यावर जाऊन पडतं. यादीत पोराचं नाव असतं, पण आवाज पोहोचायची वाट बंद असते.

मुलींचं तर आणखी अवघड. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. बाकीच्या मुली भावाचा नाहीतर बाबांचा फोन वापरतात. कॉलेजची लिंक भावाच्या फोनवर येणार आणि बहीण त्यात ‘कॉलेजात मुलींसाठी सोय बरोबर नाही’ असं मोकळेपणाने लिहिणार, ही अपेक्षाच फोल आहे.

जे विचारलंच नाही त्याचं उत्तर कसं येणार?

नॅकच्या त्या २० प्रश्नांत काय आहे? वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, त्यांचं शिकवणं समजतं का, अंतर्गत गुण देण्यात पक्षपात होतो का, इंटर्नशिपला किंवा क्षेत्रभेटीला नेण्यात कॉलेज रस घेतं का, प्रोजेक्टरसारखी साधनं वापरतात का. प्रश्न वाईट नाहीत. अंतर्गत गुणांचा प्रश्न तर नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो. पण बस त्यात कुठेच नाही. वसतिगृहाच्या खोलीचं भाडं नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे की नाही हे नाही, शिष्यवृत्ती खात्यात कधी पडली हे नाही. शिकवणं कसं चाललंय एवढंच पाहायचं म्हणून तो बनवलाय.

आणि इथेच आपल्या पोरांचं शिक्षण अडतं. एक साधा हिशेब पाहा. अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. बारावी झाली की तो बंद. पुढे पदवीला जाणाऱ्या मुलीला विद्यार्थी मासिक पास काढावा लागतो. त्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे भरावे लागतात. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट झालं, पण रोजच्या जाण्यायेण्याला मासिक पासच परवडतो. रक्कम मोठी नाही असं शहरातला माणूस म्हणेल. पण कापूस हाती यायच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये, कास्तकाराच्या घरात दर महिन्याला नगद काढणं काय असतं ते घरचेच जाणतात. शिवाय पास असून बसच आली नाही तर? ज्या वर्षी पोरगी बारावीतून पदवीत जाते, त्याच वर्षी फुकटचा पास संपतो, कॉलेज दूर जातं आणि घरी लग्नाचं बोलणं सुरू होतं. तिन्ही गोष्टी एका वेळी. कॉलेजच्या फॉर्मला यातलं काहीच दिसत नाही.

फॉर्ममध्ये आणखी एक खोट असते, ती आपल्या स्वभावातली. समोरच्याचं मन राखायला आपण ‘हो’ म्हणतो. ‘सर चांगलं शिकवतात का?’ ‘हो जी.’ खाली नाव लिहायचं असेल तर मग बोलायलाच नको. नॅकच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की विद्यार्थ्याची ओळख उघड केली जाणार नाही. कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये मात्र कधी कधी नाव, रोल नंबर मागतात. तिथे खरं उत्तर मिळेल अशी आशा कॉलेजनेही ठेवू नये.

मग गटचर्चा कशासाठी?

फॉर्ममधून ‘किती’ कळतं. ‘का’ कळायला माणसांना एकत्र बसवून बोलतं करावं लागतं. शिक्षण आणि आरोग्य क्षेत्रातले लोक याला ‘फोकस ग्रुप’ म्हणतात. आपण गटचर्चा म्हणू. ही पद्धतही अमेरिकेतून आली. १९४१ च्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी रेडिओचे कार्यक्रम लोकांना ऐकवून मतं घ्यायला सुरुवात केली होती. आवडलं तर हिरवं बटन, नाही आवडलं तर लाल. त्यांचे सहकारी रॉबर्ट मर्टन ते पाहायला गेले आणि म्हणाले की लाल बटन कधी दाबलं हे कळतं, पण का दाबलं ते माणसाला विचारल्याशिवाय कसं कळणार? त्यांनी त्या लोकांशी बसून बोलायला सुरुवात केली, त्यातून ही पद्धत उभी राहिली. पुढे साबण-तेलाच्या कंपन्यांनीही ती उचलली आणि विद्यापीठांनीही.

गटचर्चा म्हणजे ग्रामसभा नव्हे. सहा ते दहा माणसं असतात. एकाच प्रकारची हवीत : रोज एसटीने येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुली एका गटात, वसतिगृहात राहणारी मुलं दुसऱ्या. मुलं-मुली मिसळून बसवल्या की मुली गप्प होतात, हे सांगायला संशोधक लागत नाही. बोलतं करणारा एक आणि लिहून घेणारा एक. तास-दीड तास. गुण देणारा शिक्षक त्या खोलीत नको. प्रश्नही फॉर्मसारखे ‘हो-नाही’चे नसतात. ‘सकाळी घरून निघाल्यापासून कॉलेजात पोहोचेपर्यंतचं सांगा’ एवढं म्हटलं की पुरे, पुढचं आपोआप निघतं.

समजा अशी एक चर्चा आर्वीच्या एखाद्या कॉलेजात झाली. एक मुलगी म्हणेल, प्रॅक्टिकल चार वाजता असतं आणि माझी शेवटची बस त्याच सुमारास. दुसरी म्हणेल, मी प्रॅक्टिकल सोडून देते, सर समजतात मला रस नाही. तिसरी म्हणेल, थांबलं तर चालेल, पण अंधारात फाट्यावरून गावात पायी कोण जाणार? आता कॉलेजच्या हजेरीपत्रकात या तिघी ‘अनियमित’ आहेत. फॉर्ममध्ये शिक्षकांना चांगले गुण देऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या. चर्चेत कळतं की शिक्षक चांगलेच आहेत, वेळापत्रक चुकलंय. प्रॅक्टिकल दुपारी बाराला घेतलं तर एक पैसा खर्च न करता हा प्रश्न सुटतो.

गटचर्चेवरून टक्केवारी मात्र काढायची नसते. आठ पोरींपैकी सहाजणी बसचं बोलल्या म्हणून ‘७५ टक्के विद्यार्थिनींना बसची अडचण’ असं छापणं चुकीचं, आणि असं छापलेलं अधूनमधून दिसतं. चर्चेतून प्रश्न सापडतो, मग तो फॉर्ममध्ये घालून सगळ्यांना विचारायचा, तेव्हा आकडा मिळतो. दोन्ही एकमेकांच्या हाताला हात लावून चालतात.

हे आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे

वर्ध्याला सर्व्हे नवे नाहीत. मगनवाडीत राहिलेले जे. सी. कुमारप्पा इथे यायच्या आधी गुजरात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची घरोघर पाहणी करून आले होते. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथे दर वर्षीच्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांनी एक गाव दत्तक घ्यायचं, पहिल्या वर्षीच शिबिरात तिथे मुक्काम करायचा, कुटुंबं वाटून घ्यायची आणि पुढे त्यांची विचारपूस करत राहायची, अशी रीत आहे.

याच संस्थेच्या लोकवैद्यक विभागाने वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत किशोरवयीन मुलींबरोबर एक काम केलं. विषय होता पाळीच्या दिवसांतली स्वच्छता. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. आधी सर्व्हे केला, गावोगाव मुलींना माहिती दिली, तीन वर्षांनी पुन्हा सर्व्हे केला आणि सोबत मुलींच्या गटचर्चाही घेतल्या. पाळी यायच्या आधीच तिच्याविषयी माहिती असलेल्या मुली ३५ टक्के होत्या, त्या ५५ टक्के झाल्या. तयार पॅड वापरणाऱ्या ५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेल्या. कापड पुन्हापुन्हा वापरण्याचं प्रमाण ८५ वरून ५७ टक्क्यांवर आलं.

यातला आकड्यांचा भाग सर्व्हेचा. पण तेरा-चौदा वर्षांची पोरगी अशा विषयावर अनोळखी माणसाच्या फॉर्मवर काय लिहिणार? मैत्रिणींच्या घोळक्यात, ओळखीच्या ताईसमोर ती बोलते. म्हणून दोन्ही लागलं. कॉलेजच्या पोरांनी गावात येऊन आपल्याला विचारायचं, हे या जिल्ह्याने गेली कित्येक वर्षं पाहिलंय. त्याच पद्धतीने कॉलेजने गावातल्या पोरांना विचारायचं, हे मात्र फारसं होत नाही.

कॉलेज सोडून गेलेल्यांना कोण विचारतो?

या सगळ्यातलं मोठं भगदाड हे आहे. सर्व्हे कोणाला जातो? ज्यांची नावं पटावर आहेत त्यांना. पहिल्या वर्षाला नाव घातलं, दिवाळीपर्यंत गेली आणि मग यायचीच बंद झाली, त्या पोरीला पुढच्या फॉर्ममध्ये कोणी विचारत नाही. जी टिकली ती म्हणते ‘ठीक आहे’, जी टिकली नाही तिला विचारलंच जात नाही, आणि सरासरी निघते झकास. दवाखान्यातून बरे होऊन घरी गेलेल्यांनाच विचारलं की डॉक्टर कसे आहेत, तर काय उत्तर येणार?

या पोरांना शोधणं अवघड नाही. कोण पोरगं कॉलेज सोडून पुण्याला कंपनीत गेलं, कोणत्या पोरीचं लग्न ठरलं, कोण शेतात राबतंय, हे गावाला नीट माहीत असतं. कॉलेजला माहीत नसतं. एखाद्या कॉलेजला खरंच जाणून घ्यायचं असेल तर त्याने शेवटच्या बसने या पट्ट्यात यावं आणि अशा सहा-सात जणांना शाळेच्या वर्गात बसवून बोलावं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात येतंच. झाडू मारण्यातला एक दिवस या कामाला दिला तरी जमेल. नव्या शैक्षणिक धोरणात तर क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाजाशी जोडलेल्या कामाला क्रेडिट आहेत. विद्यार्थी सर्व्हेचे कागद घेऊन गावोगाव येणारच आहेत. शौचालय आहे का, गॅस आहे का हे तेच ते विचारण्यापेक्षा ‘तुमच्या घरातलं कोण कॉलेज सोडून बसलंय आणि का?’ हा प्रश्न त्यात घातला तर गावाच्याही कामाचा.

घरच्यांनी आणि पोरांनी काय करावं

सगळ्यात आधी ईमेल तपासा. पोराला किंवा पोरीला विचारा की कॉलेजच्या नोंदीत कोणता ईमेल, कोणता नंबर आहे आणि तो उघडता येतो का. येत नसेल तर कॉलेजच्या कार्यालयात साधा अर्ज देऊन बदलून घ्या. शिष्यवृत्तीसाठीही ते लागतंच, म्हणजे एका कामात दोन.

लिंक आली तर पाच मिनिटं काढून खरं तेच भरा. फॉर्म बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. अडलं तर शिकलेल्या मित्राला विचारा, पण उत्तर स्वतःचं द्या. आणि २१ वा प्रश्न रिकामा सोडू नका. तिथे शिकण्या-शिकवण्यात सुधारणा होण्यासाठी तीन निरीक्षणं किंवा सूचना मागतात. बसची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ जुळत नाही, हे शिकण्याबद्दलचंच झालं की. ‘सोयी सुधारा’ असं मोघम लिहू नका. ‘चार वाजताचं प्रॅक्टिकल बारा वाजता घ्या, रोहण्याकडची बस निघून जाते’ असं लिहा. मोघम सूचनेवर कोणी काही करू शकत नाही.

इथे एक सावधगिरी. सर्व्हेच्या नावाने फसवणारेही फिरतात. कॉलेजच्या सर्व्हेला आधार नंबर, बँक खातं, एटीएमचा पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. ‘फॉर्म भरा, लॅपटॉप मिळवा’ असं असेल तर ती लिंक दुसऱ्याला पाठवूही नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. गावात कागद घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यालाही कोणत्या कॉलेजचा, कशासाठी, माहिती कुठे जाणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणायचाही. पोरगं परीक्षेच्या गुणांसाठी उन्हात फिरतंय, त्याला पाणी द्या, ते वेगळं.

गटचर्चा हवी असेल तर मागावी लागते. रोज बसने येणाऱ्या दहा-पंधरा जणांनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्यावा की आमची वेगळी बैठक घ्या, मुलींची वेगळी घ्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात, स्थानिक सदस्यही असतात, आणि वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. या समितीत स्थानिक माणूस कोण आहे हे कॉलेजात विचारा. बहुधा तो तुमच्या ओळखीतलाच निघेल. तक्रारच असेल, गुणांची, फीची, वागणुकीची, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

बसचा प्रश्न कॉलेजच्या हातात पूर्ण नसतो, हे खरं. पण कॉलेजचं पत्र आणि सोबत कोणत्या गावाची किती पोरं, कोणती बस, किती वाजता, असा तक्ता आर्वी किंवा पुलगावच्या आगार व्यवस्थापकाकडे गेला, तर त्याचं वजन चार पालकांच्या तोंडी तक्रारीपेक्षा जास्त असतं. हा तक्ताही एक सर्व्हेच आहे. तो पोरं स्वतः एका वहीत आठवडाभरात करू शकतात : तारीख, बसची वेळ, आली की नाही, किती उशिरा आली, कोणता तास बुडाला.

शेवटचं काम मोबाईलवर होण्यासारखं आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर जा आणि ‘आयक्यूएसी’ नावाचं पान शोधा. कॉलेजची गुणवत्ता पाहणारी ती अंतर्गत समिती. तिथे दर वर्षीचा अहवाल, विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा निकाल आणि ‘फीडबॅक’वर काय केलं त्याचा कृती अहवाल ठेवलेला असायला हवा. किती जणांनी उत्तरं दिली ते पाहा. मागच्या वर्षी पोरांनी काय मागितलं आणि त्यातलं काय झालं ते पाहा. सलग तीन वर्षं तोच मजकूर तारीख बदलून टाकलेला दिसला, तर त्या पानाचा फोटो काढून विकास समितीच्या पुढच्या बैठकीच्या आधी स्थानिक सदस्याच्या हातात द्या.